बरकतच्या मागे कोण?

त्या वर्षांत वऱ्हाडात कापसापेक्षा याद्या जास्त पिकायच्या. पाऊस आला नाही की पंचनाम्याची यादी, जास्त आला की पुन्हा पंचनाम्याची यादी. मग मदतीच्या पॅकेजची यादी, तिच्यात चुका निघाल्या म्हणून दुरुस्तीची यादी आणि दुरुस्तीतही सुटलेल्यांची पुरवणी यादी. पाहणीची पथकं पांढऱ्या गाड्यांतून उतरायची, बांधावर उभी राहून फोटो काढून घ्यायची आणि जाताना म्हणायची, "यादी पाठवा." चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांची तब्येत विचारण्याआधी विचारायची, "तुहं नाव लागलं का?"

नेमक्या त्याच काळात मी बडनेऱ्याला एका शिलाईच्या दुकानावर, पत्र्याच्या छताखाली, कॉम्प्युटरचा क्लास चालवत होते आणि मुलांना जे शिकवत होते त्याचं नावही यादीच होतं. खाली पाटी होती: 'प्रोग्रॅमिंग, याद्या व माहितीची मांडणी शिकवली जाईल.' एकदा भातकुलीकडचे एक गृहस्थ ती वाचून जिना चढून आले, धापा टाकत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मॅडम, मले शिकाचं काही नाही. माहं नाव तेवढं यादीत टाकून द्या."

मी त्यांना अर्धा तास समजावलं की आमच्या याद्या सरावाच्या असतात, त्यात भाज्यांची नावं असतात, त्यातून कुणाला काही मिळत नाही. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग वांग्याच्या जागी माहं टाकलं तं तुमचं काय बिघडते?" काहीच बिघडत नव्हतं. पुढचं वर्षभर त्यांचं नाव माझ्या सरावाच्या यादीत कांदा आणि मेथीच्या मधे होतं, आणि ते बाजाराच्या दिवशी येऊन ते आहे ना, हे बघून जायचे.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर प्रोग्रॅममधली यादी ही फार साधी वस्तू आहे. एका नावाखाली अनेक गोष्टी, एकामागे एक, क्रमानं ठेवायच्या. शेवटी एक जोडली की ती मागे जाऊन उभी राहते, तिला अपेंड म्हणतात. मधेच एक घुसवली की तिच्या मागचे सगळे एकेक जागा सरकतात, तो इन्सर्ट. एक काढली की मागचे सगळे पुढे येतात. क्लासच्या खिडकीतून बडनेऱ्याचं यार्ड दिसायचं, तिथं डबे जोडायचं-काढायचं काम चालू असायचं, आणि माझे यजमान रेल्वेतलेच. त्यामुळे हा धडा शिकवायला मला फळ्याची गरज पडली नाही.

घोडं पेंड खायचं ते एकाच जागी. कॉम्प्युटर यादीतल्या पहिल्या वस्तूला एक नंबर देत नाही, शून्य देतो. दुसरीला एक, तिसरीला दोन. हे सांगितलं की वर्गात दंगा. "मॅडम, शून्य म्हंजे काहीच नाही. मंग तिथं मानूस उभा कसा?" मी दर बॅचला डोकं फोडून घ्यायची, आणि दर बॅचमधली अर्धी मुलं परीक्षेत यादी एकपासून मोजून पहिल्या माणसाला उपाशी ठेवायची.

पंचवीस वर्षांत हा शून्य एकाच विद्यार्थ्यानं पहिल्या दिवशी, एकही प्रश्न न विचारता स्वीकारला. तो विद्यार्थी चौपन्न वर्षांचा होता आणि त्यांचं नाव मेहमूदभाई.

मेहमूदभाई मापारी. बाजारात धान्य मोजायचं आणि मोजताना मोठ्यानं आकडा पुकारायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. आवाज असा की मार्केट यार्डाच्या या टोकाला मोजलेलं पोतं त्या टोकाच्या माणसाला ऐकू जावं. मग इलेक्ट्रॉनिक काटा आला. काटा पुकारत नाही, लाल आकडा दाखवतो. मेहमूदभाई ज्या खरेदी केंद्रावर होते (नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच आहेत), तिथल्या साहेबांनी त्यांना सांगितलं की आता पुकारणाऱ्याचं काम उरलं नाही. तीन महिन्यांत कॉम्प्युटरवर टोकनची यादी चालवायला शिका, नाहीतर या हंगामानंतर घरी बसा. निवृत्तीला चार वर्षं होती आणि धाकटीचं शिक्षण चालू होतं.

"मॅडम," ते पहिल्या दिवशी म्हणाले, "मले कॉम्प्युटर नाही शिकाचा. मले नोकरी टिकवाची हाय. त्याच्यासाठी जेवढा लागते तेवढाच शिकवा."

इतकं स्वच्छ ध्येय घेऊन माझ्याकडे आजवर कुणी आलं नव्हतं. केंद्रावरच्या जुनाट कॉम्प्युटरवर धड काही नव्हतं, फक्त पत्त्यांचा खेळ होता. म्हणून मीच पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. शेतकरी येईल तसं नाव यादीच्या शेवटी जोडायचं, यादीतली जागा हाच टोकनचा नंबर, आणि शेवटी चिठ्ठ्या छापायच्या.

मी शून्य सांगितला. मेहमूदभाईंनी मान डोलावली आणि एका बोटानं टाइप केलं: बरकत. मग खाली दुसरं नाव.

"हे कोण बरकत?"

"मॅडम, तुमी अकोल्याच्या ना? मोजनी आयकली नाही कधी?"

ऐकली होती, नक्कीच ऐकली होती. लहानपणी अंगणात ज्वारी मोजताना मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. मग दोन, तीन. मुसलमान मापारी 'बरकत' म्हणायचे. एक म्हटलं की मोजणी सुरू झाली, म्हणजे ती कुठंतरी संपणारही. म्हणून पहिलं माप आकड्यात धरायचं नाही. हे सगळं मला माहीत होतं, आणि आयुष्यभर यादी शिकवताना एकदाही आठवलं नव्हतं.

"तसं पाह्यलं तं बरकत म्हंजेच एक," मेहमूदभाई म्हणाले. "पन तुमच्या मशिनीत शून्याची खोली रिकामी हाय, तं बसू द्या तिले तिथं. मंग पयल्या मानसाचा नंबर एकच येते."

मी मास्तरीण. मी म्हटलं, असं खोटं नाव यादीत घालायचं नसतं. शून्यावर खरा माणूस ठेवायचा आणि छापताना एक मिळवायचा, हीच पद्धत.

"आन मिळवाचा राह्यला तं? पयल्या मानसाले शून्याची चिठ्ठी देसान तं तो आंगावर येईन मॅडम."

"विसरणार नाही हो कुणी."

मी त्यांच्या यादीतून बरकत काढून टाकली. सगळी नावं एकेक जागा पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी पाहते तर बरकत परत आपल्या जागी. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी मी हरले, पण हरले असं म्हटलं नाही. "सरावापुरती राहू द्या," म्हटलं.

दुसरी अडचण गजाननांची. आमच्या भागात दहा माणसं गोळा केली की त्यात दोन गजानन निघतात. यादीतून नावानं माणूस काढायला रिमूव्ह नावाची आज्ञा आहे. ती त्या नावाचा जो पहिला सापडेल त्याला काढते आणि पुढे बघतही नाही. मेहमूदभाईंनी सरावात तिसऱ्या गजाननचा माल मोजून झाला म्हणून रिमूव्ह केलं आणि पहिला गजानन, ज्याचं पोतंही उतरलं नव्हतं, यादीतून गेला.

"हे तं सरकारी कामासारखं झालं," ते म्हणाले, आणि तेव्हापासून प्रत्येक गजाननपुढे गावाचं नाव लिहू लागले.

त्या वर्षी तूर अशी पिकली की विचारू नका. आदल्या साली नाही म्हणून रडलो, त्या साली ठेवायला जागा नाही म्हणून. केंद्र उघडायच्या दोन दिवस आधीच रांग लागली: ट्रॅक्टर, मेटाडोर, बैलगाड्या. बारदाना, म्हणजे माल भरायची रिकामी पोती, थोडाच आला होता, त्यामुळे पहिल्या तीसेक जणांचं मोजलं जाणार आणि बाकीच्यांनी पुढच्या खेपेची वाट बघायची, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. नंबर म्हणजे सर्व काही.

मेहमूदभाई दोन दिवस खिडकीत बसून येईल त्याचं नाव चढवत होते. मी दोन्ही दिवस बघायला गेले होते. सगळ्यांत पुढे सुभद्राकाकू, साठीच्या, एकट्या बैलगाडी हाकत आलेल्या. त्यांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "काहून रे मेहमूद, मी तं पयली. माह्या आंधी कोनाचं नाव घातलं?"

"बरकत घातली काकू."

"मंग ठीक हाय," काकू म्हणाल्या आणि गाडीखाली जाऊन आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुठलंसं पथक येणार म्हणून साहेबांनी यार्ड मोकळं करायला लावलं. गाड्या मैदानात कुठं कुठं पांगल्या. रांग आता जमिनीवर नव्हती, फक्त कॉम्प्युटरमध्ये होती. तिथं ती सुरक्षित आहे असं मी स्वतः सगळ्यांना सांगितलं.

उघडायच्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेले. विद्यार्थ्याची परीक्षा होती ना. एक्केचाळीस नावं आणि एक बरकत, सगळं जागच्या जागी. साहेब आले, पडदा बघितला आणि म्हणाले, "हे काय, नावं सापडत नाहीत. अकारविल्हे पाहिजेत. होतं का तुमच्या प्रोग्रॅममध्ये?"

मेहमूदभाई म्हणाले, "साहेब, हे रांगेनं हाय, रांगेनंच राहू द्या."

त्यांनी नाही म्हणावं आणि साहेबांनी त्यांना घरी बसवावं, असं व्हायला नको, हा माझा एक विचार. दुसरा विचार, खरं सांगायचं तर, मोठेपणाचा होता. होतं का म्हणजे काय? एका शब्दात होतं. सॉर्ट म्हटलं की लागलीच. साहेब फोनवर बोलत बाहेर गेले आणि मेहमूदभाईंना बाजूला सरकवून मी खुर्चीत बसले.

आधी मी काळजी घेतली. 'जुनी = यादी', म्हणजे 'जुनी बरोबर यादी', अशी ओळ लिहिली आणि म्हटलं, "घाबरू नका, नक्कल करून ठेवली आहे." मग सॉर्ट केलं. साहेबांनी परत येऊन कागदावर छापून घेतलं आणि शिपायाच्या हातात माइक दिला.

पहिली चिठ्ठी निघाली: अंबादास, नंबर शून्य.

अंबादास आदल्या संध्याकाळी शेवटी शेवटी आलेला. खरं तर त्यानं उड्या मारायला हव्या होत्या. तो चिठ्ठी हातात धरून खिडकीशी आला. "हे काय हाय? शून्य? मी शून्य हाओ? गावात पाच जनं मले इचारून पेरनी करतेत."

तोवर शिपाई माइकवर नावं पुकारत पुढे गेला होता. सहाही गजानन ओळीनं झाले. आणि मग सगळ्या मैदानावर आवाज गेला: "इसावा नंबर, बरकत. बरकत कोन हाय? बरकतनं गाडी घेऊन पुढं यावं."

मैदानभर माना खिडकीकडे वळल्या. त्या मैदानावर बरकत कोण हे माहीत नसलेला माणूस फक्त शिपाई आणि साहेब.

सुभद्राकाकू गाडीखालून बाहेर आल्या. "बरकतले इसावा नंबर?" त्या म्हणाल्या. "मंग मी कुठं हाओ?"

त्या एकोणचाळिसाव्या होत्या.

मी म्हटलं, काही हरकत नाही, आपली जुनी यादी आहे. उघडली. जुनी यादीही अकारविल्हे लागलेली. अंबादास वर, बरकत मधे, सुभद्रा खाली. दोनदा वरखाली करून पाहिली तेव्हा कळलं, जी चूक करू नका म्हणून मी प्रत्येक बॅचला बजावते, तीच माझ्या हातून झाली होती. 'जुनी बरोबर यादी' म्हटल्यानं नक्कल होत नाही. त्याच एका यादीला दुसरं नाव मिळतं, इतकंच. घरात ज्याला गजू म्हणतात त्यालाच गावात गजाननराव म्हणतात. गजूच्या थोबाडीत मारली की गाल गजाननरावांचाच सुजतो. खरी नक्कल करायला वेगळी आज्ञा असते. ती मला झोपेतही येते, फक्त त्या सकाळी आली नाही. आणि सॉर्टला परतीचा रस्ता नसतो.

बाहेर आवाज वाढला. पोलीस बोलवा, असं कुणी म्हणालं. साहेब लाल झाले होते. "ही यादी बिघडवली कोणी?"

तो क्षण मला अजून नीट आठवतो. बोलायला हवं होतं मी. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "मशीनवर माहा हात होता साहेब. आता घंटाभर द्या, मी लावून देतो." साहेब म्हणाले, "लागली तर बघू, नाही लागली तर आजच घरी जायचं." मी गप्प राहिले. याची मला लाज वाटते, आणि ती विनोदात घालवण्यासारखी नाही.

मेहमूदभाईंनी माइक मागून घेतला. तीस वर्षांच्या त्या आवाजाला माइकची गरज नव्हती, पण बऱ्याच दिवसांनी संधी आली होती. "आयका. तुमचा नंबर कोनालेच आठवत नाही, मले मालूम हाय. पन आपल्या पुढं कोन उभा होता हे वऱ्हाडातला मानूस मरेपर्यंत इसरत नाही. ज्यानं त्यानं आपल्या पुढच्याले धरून उभं राहा. मॅडम, तुमी नवी यादी घ्या. पयली बरकत लिवा."

मी लिहिली. शून्यावर.

"बरकतच्या मांगं कोन?"

पाच जण पुढे आले. पाचांचंही म्हणणं एकच, माझ्या पुढं कुणीच नव्हतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. मेहमूदभाईंनी प्रश्न फिरवला, "ठीक हाय. मंग ह्या पाचायच्या मांगं उभा राहेल मानूस हाय का कोनी?" चौघांच्या मागे कुणी कबूल होईना. फक्त सुभद्राकाकूंच्या मागे येवद्याचा गजानन येऊन उभा राहिला. "मी काकूच्या मांगं होतो. दोन दिवस त्यायच्या बैलानं माह्या पोत्याले तोंड मारलं." याहून पक्का पुरावा काय हवा? काकू, अपेंड. गजानन येवदा, अपेंड. त्याच्या मागे कोण?

असं एकेक माणूस दुसऱ्याचा हात धरून येत गेला आणि मी शेवटी जोडत गेले. पुस्तकात याला साखळीची यादी म्हणतात, प्रत्येकाला फक्त शेजारच्याचा पत्ता ठाऊक. मी ती वर्षानुवर्षं बाणांच्या चौकोनांनी काढून दाखवत आले. हाडामांसाची त्या दिवशी पाहिली. अठराव्याच्या मागे दोघे भांडायला लागले, एक ट्रॅक्टरवाला आणि एक बैलगाडीवाला. मेहमूदभाई त्या अठराव्याला घेऊन यार्डात गेले, त्याची गाडी उभी होती ती जागा त्याच्याकडून दाखवून घेतली आणि मागच्या जागेवर वाकून पाहिलं. ऑइलचा डाग नव्हता. दोन दिवसांचं शेण होतं. ट्रॅक्टरवाला मागे गेला.

तासाऐवजी दीड तास लागला. एक्केचाळिसावा अंबादास. त्याला एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी मिळाली आणि त्या खेपेला त्याचा माल मोजला जाणार नव्हता, तरी तो चिठ्ठी दोनदा वाचून म्हणाला, "हे बरोबर हाय." काकूंची तूर पहिली मोजली गेली. काटा लाल आकडा दाखवत होता, पण मेहमूदभाई काट्याशेजारी उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "बरकत," आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

साहेबांनी शाबासकी वगैरे दिली नाही. संध्याकाळी फक्त म्हणाले, "उद्यापासून यादी यांच्याकडेच. आणि ती कोणी अकारविल्हे लावायची नाही." मेहमूदभाईंनी चार वर्षं ती खिडकी सांभाळली आणि तिथूनच निवृत्त झाले.

आता मीही क्लास बंद केला आहे. परवा त्या केंद्रावरच्या नव्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमचा जुना प्रोग्रॅम अजून चालू आहे. त्यात शून्य नंबरवर बरकत म्हणून एक शेतकरी आहे. दरवर्षी पहिला असतो, माल कधी आणत नाही. काढून टाकू का?"

"काढू नकोस," मी म्हटलं. "काढलंस तर सगळे एकेकानं सरकतील आणि पहिला माणूस तुझ्या अंगावर येईल."

फोन ठेवला आणि चपला घालून तडक मेहमूदभाईंच्या घरी गेले, जुन्या वस्तीत. ते ओट्यावर नातीच्या गृहपाठाची वही तपासत बसले होते. चहा आला. मी ती हकिकत सांगितली, ते पोटभर हसले. मग मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं, की त्या दिवशी चूक त्यांची नव्हती, माझी होती. नक्कल झालीच नव्हती. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले.

"मले मालूम होतं मॅडम," ते म्हणाले. "तुमीच शिकवलं होतं ना, नुसतं बरोबरचं चिन्ह लिवल्यानं नक्कल होत नाही. तुमी टाइप करून राहिल्या होत्या तवाच मले दिसलं. पन आपल्या मास्तरनीले चारचौघात कसं टोकाव? तवाच टोकलं असतं तं हे झालंच नसतं."

"मग साहेबांना तरी खरं सांगायचं. तुमची नोकरी जायची वेळ होती."

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. "अंबादासले शून्य भेटला तं त्यानं किती तमाशा केला, पाह्यला ना तुमी? एका दिवसात दोघायले शून्य कसा द्याव?"